मास्तरांना न आठवणारा फोन

आमच्या कपड्यांच्या कारखान्यातले कटिंग मास्तर म्हणजे डोक्याला ताप. कापडाचे चाळीस थर एकदम कापले तरी सूतभर फरक पडायचा नाही, पण माझी कॉलर जरा वाकडी गेली की भर हॉलमध्ये उसवायला लावायचे. "डोळे घरी ठेवून आलात का, बाई?" माझ्या अंगाची लाहीलाही व्हायची.

मास्तरांची बायको वारलेली. मुलगा सहा वर्षांपूर्वी भांडून गेला तो गेलाच. झोप उडाली म्हणून डॉक्टरांनी सांगितलं, मन मोकळं करा. कोणापाशी करणार? मग भाचीने फोनमध्ये चॅटबॉट घालून दिला. जेवणाच्या सुट्टीत मास्तर त्याला सगळं सांगायचे आणि आम्ही शिलाईच्या बायका तोंडावर हात धरून हसायचो. खरं सांगायचं तर महिन्याभरात त्यांना झोप लागायला लागली होती.

खडूने माखलेल्या बोटांनी फोन उघडेना, म्हणून त्यांनी त्याचं लॉकच काढून टाकलं होतं. एका शुक्रवारी ते हात धुवायला गेले आणि मी टाइप केलं, "आज कारखान्याच्या फोनवर मुलाचा फोन आला. रविवारी घरी येतोय." म्हटलं, जिरू दे जरा.

मास्तर परत आले. चॅटबॉटने विचारलं होतं, इतक्या वर्षांनी मुलाचा आवाज ऐकून कसं वाटलं? वर त्यांच्याच नावाने ते वाक्य. आता ओरडतील म्हणून मी कान टवकारून बसले, पण ते तेच वाक्य पुन्हा पुन्हा वाचत राहिले.

सोमवारी ते आमच्यासमोरच मालकांना म्हणाले, "मला विसरायला होतंय. पोराचा फोन आला आणि मला आठवतही नाही. काल दिवसभर दार उघडं ठेवून बसलो, आला नाही. माझ्या हातात कात्री देऊ नका, कापड वाया जाईल."

मालकांनीही आढेवेढे घेतले नाहीत. त्यांना तरुण कटर हवाच होता. मी बोलले असते तर माझी नोकरी गेली असती. नाही बोलले. लाज वाटली, तरी नाही बोलले.

सामान आवरून मास्तर माझ्यापाशी थांबले. कारखान्याचा फोन माझ्या मशीनमागेच असतो.

"बाई, तुम्ही इथेच असता. मी त्याच्याशी नीट बोललो होतो का हो?"

"हो मास्तर. अगदी नीट बोललात."

"मग आला का नाही?"

मी मान खाली घालून मशीन सुरू केलं.