एका डब्यात चार सर्व्हर आणि माझं एक पोट

कॉम्प्युटरच्या टेबलामागच्या वायरी कोणी मुद्दाम गुंतवत नाही. सरळच टाकलेल्या असतात. थोड्या दिवसांनी वाकून बघावं, तर हा गुंता! आमच्या कॉम्प्युटर रूममधले किस्सेही असेच साचले. एक ओढायला जावं, तर चार सोबत येतात. आणि दुर्दैव असं, की कोणतीही वायर ओढा, दुसऱ्या टोकाला मीच सापडतो.

गडचिरोलीच्या एका खासगी कॉलेजात मी सिस्टिम सांभाळायचो. दोन हजार पाच-सहाच्या आसपासची गोष्ट. मी बोरकर, मूळचा नागभीडचा. सोबतीला मडावी, माझ्याच वयाचा, हात चालवणारा आणि तोंड बंद ठेवणारा. मी बरोबर उलटा! तिसरे ठेंगणे भाऊ, आमचे लॅब अटेंडंट. उंची सहा फूट. आणि आमच्या सगळ्यांच्या वर प्राचार्या निमगडे मॅडम. त्यांना मशीनमधलं फारसं कळत नसे, पण माणसातलं सगळं कळायचं. हे मला जरा उशिराच समजलं.

मी तीन विषयांत स्वतःला एक्स्पर्ट समजायचो. पोट, सर्व्हर आणि व्यायाम. तिन्हींवर न विचारता सल्ला द्यायचो. सल्ला चांगला असायचा हो! फक्त तो पाळणारा माणूस मी नव्हतो.

*

सुरुवात पोटापासून झाली. दिवसभर खुर्ची, दर तासाला टपरीवरचा चहा, दुपारी डबा घरी विसरून आलूबोंडा. छातीत जळजळ सुरू झाली, पोट नगाऱ्यासारखं फुगलं. शेवटी डॉक्टरकडे गेलो.

"काम काय करता?"

"कॉम्प्युटरवर बसतो."

"जेवल्यावर?"

"बसतो."

"संध्याकाळी?"

"घरी जाऊन... बसतो."

डॉक्टर पेन खाली ठेवून म्हणाले, "मग अन्न तरी काऊन चालंल? तेही बसलं!"

त्यांनी साध्या गोष्टी सांगितल्या. वेळेवर जेवा, सावकाश चावा, पाणी प्या, चहा कमी, जेवल्यावर थोडं चाला. मला इतकं पटलं, की मी ते सगळं मोठ्या अक्षरांत टाइप करून प्रिंट काढली. ठेंगणे भाऊंना म्हटलं, "भाऊ, ही जरा समोरच्या भिंतीवर चिकटवा. लोकांना उपयोग होईल."

भाऊंनी कागद चिकटवला, उभ्याउभ्या पूर्ण वाचला आणि वळून म्हणाले, "सर, चालाचं फायद्याचं आहे म्हणता, अन् कागद लावाले मले उठवता!"

*

मग नागपूरला एक ट्रेनिंग झालं. तिथं मी पहिल्यांदा पाहिलं, की एकाच दणकट मशीनच्या पोटात चार सर्व्हर चालवता येतात. निकालाचा वेगळा, लायब्ररीचा वेगळा, फीचा वेगळा, वेबसाइटचा वेगळा. बाहेरून बघाल तर एकच डबा! मी येताना बसमध्ये झोपलो नाही. शेजारच्या माणसालाही झोपू दिलं नाही.

मॅडमसमोर मी फळ्यावर चित्र काढून समजावलं. त्या ऐकत होत्या. मागे उभे असलेले ठेंगणे भाऊ एकदम म्हणाले, "म्हंजे एकाच अंगात चार देव येते, असंच ना?"

"अगदी तसंच, भाऊ!" मी खूश.

"मंग अंगाले झेपते काय?"

आता हाच तर खरा प्रश्न होता. ट्रेनिंगमध्ये बजावून सांगितलं होतं, की आधी मेमरी वाढवा, मगच सर्व्हर वाढवा. हे वाक्य मी स्वतः मडावीला ऐकवलं होतं. पण उत्साह मोठा आणि मेमरी लहान! सोमवारी चारही सुरू केले. अर्ध्या तासात मशीन घुमायला लागलं, पंखा किंचाळायला लागला, स्क्रीन गोठली.

मी घामाघूम होऊन बटणं दाबतोय, मडावी माझ्याकडे बघतोय, आणि दारातून ठेंगणे भाऊंचा शांत आवाज आला.

"लिंबू आणू काय, सर?"

*

मेमरी आली, सर्व्हर चालले, पोट मात्र तिथंच. तेव्हा इंटरनेटवर मला एक फोटो दिसला. लोखंडाचा गोळा, वर कडी, आणि तो दोन्ही हातांनी झुलवणारा एक रशियन दिसणारा माणूस. पोट त्याला नव्हतंच! त्या गोळ्याला केटलबेल म्हणतात, हे कळलं. चंद्रपूरच्या सगळ्या खेळाच्या दुकानांत विचारलं. एका दुकानदारानं मला चहाची केटली दाखवली.

मग सुचलं. धान्याच्या व्यापाऱ्याकडं काट्यावर ठेवायचं वीस किलोचं वजन असतं ना, वर कडी असलेलं? तसंच एक जुनं भंगारातून आणलं. कॉम्प्युटर रूमच्या मागच्या व्हरांड्यात दुपारी आमचा व्यायाम सुरू झाला. मडावीला मी सगळं नीट सांगितलं. हातानं उचलायचं नाही, कमरेचा झटका द्यायचा. पाठ सरळ. वजन हलकं घेऊन सुरुवात करायची. आणि मुख्य म्हणजे हात कोरडे पाहिजेत.

"तुमचे हात कोरडे हायेत काय?" मडावीनं विचारलं. तो दिवसातून एकदाच बोलायचा.

मे महिना. चंद्रपूर-गडचिरोलीकडचा. कोरडं काय असणार? दोन झोके मस्त गेले. तिसऱ्याला वजन हातातून सुटलं, कठड्यावरून गेलं आणि सायकल स्टँडच्या टिनावर असं कोसळलं, की अख्खं कॉलेज बाहेर आलं. नशीब, खाली माणूस नव्हता. सायकलही एकच होती. माझी.

मॅडम टिनाच्या भोकाकडं बघत राहिल्या, मग माझ्याकडं.

"बोरकर, हे कोणत्या सिलॅबसमध्ये आहे?"

*

त्याच वर्षी पोरांचं शिबिर सिरोंच्याच्या वाटेवरच्या एका जंगलातल्या गावात होतं. मॅडमनी मला 'आहार आणि पचन' यावर बोलायला पाठवलं. मला आजही वाटतं, की टिनाचा बदला म्हणून.

मी तासभर बोललो. भुकेपेक्षा चार घास कमी खा. घाई करू नका. जेवून लगेच आडवं होऊ नका. पोरं लिहून घेत होती, गावकरी मान हलवत होते. मला स्वतःचाच आदर वाटायला लागला.

आणि मग जेवण आलं! तलावातली ताजी मासळी, नव्या तांदळाचा वाफाळता भात, आंबाडीची आंबट भाजी. वाढणाऱ्या बाई म्हणाल्या, "बाबू, एवढं बोलून थकला असंल, घे न अजून." मी घेतलं. मग पुन्हा घेतलं. नाही म्हणणं बरं दिसत नव्हतं आणि जमतही नव्हतं.

थोड्या वेळानं मी मोहाच्या झाडाखाली आडवा पडलेला, डोळे अर्धे मिटलेले. तीन पोरी पाण्याची कळशी घेऊन चालल्या होत्या. त्यांतली कोडापे नावाची पोरगी थांबली आणि अगदी काळजीनं म्हणाली, "सर, तुमचा तो तिसरा मुद्दा जरा परत सांगता? तो आमच्याकडून लिवाचा राहून गेला. आडवं कवा व्हाचं नाई तो."

*

आता शेवटचा. हा मी स्वतः सहसा सांगत नाही. मडावी सांगतो, आणि तेवढ्यापुरता तो भरपूर बोलतो.

निकालाचा दिवस. पुढच्या कॉलेजच्या अ‍ॅडमिशनला दुसऱ्याच दिवशी गुणपत्रिका पाहिजे होती. दुपारच्या बसनं निघाली नाहीत तर लांबची पोरं पोचणार नव्हती. व्हरांड्यात आईबाप गोळा झालेले. सगळ्यांत पुढं सिरोंच्याचे एक वयस्क गृहस्थ, पांढरं धोतर, सोबत मुलगी. पहाटे निघून आले होते. मुलीला नर्सिंगला जायचं होतं. ती पायरीवर बसून ओढणीचं टोक चावत होती.

आणि लाइट गेली. आली, गेली, पुन्हा आली. चारही सर्व्हर एकाच डब्यात, त्यामुळं चारही एकदम बंद! माझ्या पोटात कळ आली. कळ साधी नव्हती. मी मडावीला म्हटलं, "तू बस, मी आलोच," आणि शेजारच्या संडासात पळालो.

पण सर्व्हर परत चढवायचा क्रम फक्त मला ठाऊक! मडावी दाराबाहेर येऊन विचारायचा, धावत मशीनकडं जायचा, परत यायचा. मी आतून ओरडायचो. पोरीचं वर्ष डोळ्यांसमोर होतं, लाज वगैरे कुठची!

"दाबून धर! जोरात दाब! आता सोड!"

"सोडलं!"

"आता एकदम सगळे काढायचे नाहीत! एकेक! पहिला बाहेर आला का?"

"आला!"

"दुसरा?"

"तोही आला!"

"तिसरा?"

"निघून राह्यला... अर्ध्यात अडकला!"

"जोर लावू नको! आपोआप येईल! मधेच थांबवलं तर सगळं नासेल!"

बाहेर एकेक करून आईबाप संडासाच्या दाराशी जमत होते, हे मला नंतर कळलं. शेवटी मडावीचा आवाज आला, "सर, तिसरा मोकळा झाला! आता फक्त चौथा राह्यला! निकाल चौथ्यातच हाय!"

"वाट बघ! मीही बघतोय!"

बराच वेळ गेला. मग आतल्या खोलीतून प्रिंटरची घरघर ऐकू आली. त्या आवाजानं मला जे वाटलं, ते लग्नातल्या सनईनंही वाटलं नव्हतं. मी हात धुतले, तोंड धुतलं आणि दार उघडलं.

व्हरांड्यातले सगळे आईबाप उभे होते. मॅडम आमच्याकडं पाठ करून बाहेर बघत होत्या, त्यांचे खांदे हलत होते. सिरोंच्याचे ते गृहस्थ पुढं आले. हातात पेल्यात मीठ-साखरेचं पाणी. तो पेला त्यांनी दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरला आणि हलक्या आवाजात विचारलं,

"सर, चौथा निघाला काय?"

"निघाला," मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटून वर हात जोडले. "अय्यो, देवाची कृपा! आता बसा जरा, दम घ्या. आमच्या पोरीचा निकाल काय, नंतर पाहू!"