धर्माच्या कपाटातली तीन पुस्तकं

मडावीभाऊ गेले, असं सांगायला त्यांच्या मुलीचा फोन आला आणि मी चक्क विचारलं, "कोण बोलतंय नक्की?" संशय हा माझा जुनाच रोग.

एटापल्लीच्या आमच्या लहानशा वाचनालयात मी ग्रंथपाल आणि ते शिपाई. मी चंद्रपूरहून ग्रंथालयशास्त्र शिकून आलेली. पहिल्याच दिवशी त्यांना बजावलं होतं, पुस्तकाच्या पाठीवरच्या चिठ्ठीचा आकडा बघायचा आणि त्याच आकड्याच्या कपाटात पुस्तक लावायचं. ते सुपारी-तंबाखूचा खर्रा गालात सरकवून "हो बाई" म्हणाले. तरी गोंडी देवांच्या कथांची तीन पुस्तकं मी लोककथांत, म्हणजे ३९८ला लावायची आणि दोन दिवसांत ती धर्माच्या कपाटात, पुराणांना खेटून सापडायची. आधी वाटलं, यांना आकडे कळत नाहीत. मग वाटलं, पुस्तकं लांबवायची तयारी चाललीय. एकदा तर ते घरी निघताना मी त्यांची पिशवीच उघडली. आत रिकामा डबा होता.

"मी चोर दिसतो का बाई तुमाले?"

"मग ही पुस्तकं कोण हलवतं?"

"मीच हलवून राह्यलो. तुमचे देव धर्मात, अन् आमचे देव गोष्टीत काऊन?"

प्रश्न बिनतोड होता, म्हणूनच मला राग आला. यांना कुणीतरी पढवलंय, अशी नवी शंका काढून मी पुस्तकं परत ३९८ला नेली. पुढे कित्येक वर्षं ही ओढाताण चालली. बोललो मात्र दोघंही नाही.

त्यांना जाऊन महिना झाला. परवा एका शिक्षिकेनं तीच पुस्तकं मागितली, म्हणून मी पुस्तकांच्या नोंदीच्या कार्डांचा खण ओढला. वाचक भलत्याच ठिकाणी शोधेल असं वाटलं, तर आम्ही कार्डावर 'अमुक विषय पाहा' असं लिहून ठेवतो. या तिन्ही कार्डांवर पेन्सिलीनं लिहिलं होतं : 'गोष्टी नाई. धर्म पाहा.'

अक्षर त्यांचंच कशावरून? मी हजेरीपट काढून सही ताडून पाहिली. तोच रुंद 'म'. गेलेल्या माणसाचीही झडती घेतली मी... फार लाज वाटली, आणि रडू आलं.

पुस्तकं ३९८लाच होती. आता ती हलवणारं कुणी नव्हतं. मी त्यांची ओळ तिन्ही कार्डांवर शाईनं गिरवली.

"नाहीत का पुस्तकं?" शिक्षिकेनं विचारलं.

"आहेत," मी उठत म्हटलं. "चुकीच्या कपाटात आहेत."