संजीवनीबाईंचा पट

संजीवनीबाईंच्या पायाला भिंगरी होती, हे त्यांच्या रत्नागिरीकडच्या सासरी शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सिंगापूरला येऊनही ती काही सुटली नाही. नवरा पद्माकर बोटीवर इंजिनिअर, वर्षातले निम्मे महिने समुद्रात. घर बेटाच्या उत्तर टोकाला, भाजीमळे नि कोंबड्यांच्या शेडांमध्ये. शेजारी सगळे चिनी शेतकरी. लेक गार्गी जायची ती शाळा तिथलीच, सरकारी, बैठी, एकेका इयत्तेला एकच वर्ग.

त्र्याण्णव साली मळेवाले एकेक करून नव्या फ्लॅटांत राहायला जाऊ लागले आणि शाळेचा पट घसरला. निकाल तर आधीपासूनच यथातथा. जानेवारीत नवं शालेय वर्ष सुरू होताना पहिलीला पुरेशी मुलं आली नाहीत तर शाळा बंद होणार, असं मुख्याध्यापिकेने सांगितलं. झालं! बाईंच्या जिवाला घोर लागला. लग्नाआधी त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या. तिथे पट कमी पडला की मास्तरांनी दारोदार फिरून पोरं गोळा करायची, ही रीतच. इथे असलं कुणी करत नाही, हे त्यांना सांगणार कोण? पदर खोचला नि निघाल्या चिखल तुडवत, बाजारात सगळ्यांनाच कळणाऱ्या मोडक्यातोडक्या मलय भाषेत शाळेचे गोडवे गात.

पण मनात चोर होता. जुरोंग ईस्टच्या एका नावाजलेल्या शाळेत त्यांनी गार्गीसाठी जानेवारीपासूनची जागा आधीच मिळवून ठेवली होती. लोकांची पोरं इथे, आपली तिथे! शरम वाटायची. पण पुढची शाळा जिच्यावर ठरते, त्या पोरीच्या सहावीच्या सरकारी परीक्षेचा विचार आला की शरम गिळून पुढचं दार वाजवायच्या.

पालेभाजीच्या मळ्यातल्या म्हातारीला सगळे आह मा, म्हणजे आजी, म्हणत. तिचा नातू पहिलीत जायचा होता. तिने सगळं ऐकून घेतलं, हातातली जुडी बांधली आणि एवढंच विचारलं, "तुझी मुलगी तिथेच असेल ना?"

"असेल," बाई बोलून गेल्या.

बोलल्या खऱ्या, पण घरी आल्यावर जीव थाऱ्यावर येईना. ओट्यापाशी उभ्या राहिल्या, दारात गेल्या, परत आल्या. भाजी करपली. आपण म्हातारीला चक्क फसवलं, हेच डोक्यात. शेवटी सकाळी बस बदलत बदलत जुरोंग ईस्ट गाठलं आणि जागा सोडून आल्या. तिथल्या कारकुनाने पुन्हा पुन्हा विचारलं, नक्की ना? परक्या बंदरातून पद्माकरचा फोन आला, तोही भडकला. लोक या जागेसाठी जिवाचं रान करतात आणि तू लाथ मारून आलीस, म्हणाला. त्याचंही काही चुकलं नव्हतं. आपण पोरीचं नुकसान तर करत नाही ना, ही धाकधूक बाईंनाही होतीच.

जानेवारीत शाळा उघडली. फाटकाशी आह मा नातवाचं मनगट घट्ट धरून उभी. घंटा झाली तरी सोडीना. मान उंचावून कुणाला तरी शोधत होती. तेवढ्यात मुलींच्या रांगेत गार्गी दिसली. म्हातारीने तिला नीट पाहून घेतलं आणि मगच नातवाचा हात सोडला.

संजीवनीबाई कुंपणाशी उभ्या होत्या. मधली सुट्टी झाली तरी त्या तिथेच उभ्या होत्या.