वाऱ्याकडे तोंड

कॉलेजच्या फलकावर ती सूचना मीच लावली होती. यवतमाळजवळच्या धावपट्टीवर दहा दिवसांचं पॅराशूट शिबिर, नवशिक्यांसाठी. विद्यार्थी आणि कर्मचारी, दोघांनाही चालेल. वणीच्या कॉलेजात मी ग्रंथपाल आहे आणि सूचना लावणं माझ्याकडेच असतं. टाचणी टोचून दोन पावलं मागे झाले, कागद सरळ लागला आहे का पाहिलं, मग पुढे होऊन तो पुन्हा वाचला.

बाबांना जाऊन तेव्हा सात महिने झाले होते. मी शिबिराला का गेले, याचं नीट उत्तर मला आजही देता येत नाही. एवढं आठवतं की त्या सात महिन्यांत मी एकही गोष्ट स्वतः ठरवली नव्हती. लोक दाखवतील तिथे सही करत होते, वाढतील ते जेवत होते. संध्याकाळी बाबांच्या पुस्तकांत त्यांनी पेन्सिलीने केलेल्या खुणा शोधत बसायचे. खुणा भरपूर सापडल्या. बाबा त्यांत फारसे सापडले नाहीत.

आईला सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती.

"डोकं फिरलं का तुह्यं? चाळिशीले आली अन् आता आभायातून उड्या मारून राह्यली?"

"पॅराशूट असतं आई."

"ते उघडलं तं! अन् उघडलं तरी खाली कोण उतरवते तुले?"

"आपणच उतरायचं असतं."

आईने सूप बाजूला ठेवलं. सायकलवरून उतरतानाही मी आधी जागा बघते, हे तिच्याइतकं कोणाला माहीत असणार? मग म्हणाली, "जाय. पण आपल्या पायानं घरी ये."

शिबिरात आम्ही अकरा जण होतो. माझ्याच कॉलेजातली एक मुलगी होती, ग्रंथालयात जिचा आवाज मी वर्षभर बंद करत आले होते. शिकवणारे सर फौजेतून निवृत्त झालेले, मूळचे दारव्ह्याकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. सगळ्यांना 'अहो' म्हणत आणि त्या 'अहो'तूनच बोलणी खायला घालत.

पहिले तीन दिवस आम्ही फक्त पडायला शिकलो. कमरेएवढ्या लाकडी चौथऱ्यावरून उडी मारायची, पाय आणि गुडघे जुळवून टेकायचे आणि अंग कुशीवर लोळू द्यायचं. मग उतरण्याचे धडे. डोक्यावरचं पॅराशूट उघडलं की दोन्ही हातांत दोन पट्टे येतात. डावा ओढला की डावीकडे वळायचं, उजवा ओढला की उजवीकडे. जमीन घराच्या छपराइतकी जवळ आली की दोन्ही एकदम खाली ओढायचे. पॅराशूट क्षणभर थबकतं आणि आपण पायरी उतरावी तसे उतरतो. आणि सगळ्यात मोठा नियम : शेवटचं वळण वाऱ्याकडे तोंड करूनच. वारा समोर असला तर तो आपल्याला अडवतो. पाठीवर असला तर ढकलतो, आणि मग पाय टेकतात ते धावत्या बसमधून उतरल्यासारखे.

पहिल्या दोन उड्या चांगल्या झाल्या, पण त्या माझ्या नव्हत्या. विमानाला बांधलेल्या पट्ट्यानेच पॅराशूट उघडलं आणि हेल्मेटमधल्या रेडिओवर सर खालून सांगत राहिले, "डावा... अजून... बास. सरळ. थांबा. ओढा!" मी ओढलं. दोन्ही वेळा अलगद उतरले, आणि दोन्ही वेळा वाटलं की कोणीतरी मला उचलून खाली ठेवलं.

तिसऱ्या उडीला रेडिओ काढून घेतला. आता आपलं आपण.

वर असताना वारा कळत नाही, हे तोवर मला उमगलं होतं. पॅराशूट पुढे जात असतं, त्यामुळे तोंड कुठेही करा, हवा समोरूनच लागते. म्हणून धावपट्टीच्या कडेला नारिंगी कापडाची लांब पिशवी टांगलेली असते. ती फुगून शेपूट जिकडे करेल तिकडे वारा चालला आहे असं समजायचं. ती मी पाहिली. अगदी स्पष्ट पाहिली. वारा पश्चिमेचा होता. आणि शांतपणे, जराही न गोंधळता, मी उजवा पट्टा ओढून पूर्वेकडे तोंड केलं.

जमीन धावत आली. पाय टेकले तसे माझ्या ताब्यात राहिले नाहीत. दोन कोलांट्या, कोपर सोललेलं, तोंडात माती. सर आले तेव्हा मी बसलेली होते.

"पाय हलवा. हलतात? छान. आता सांगा, हवेकडे पाठ काहून केली तुम्ही?"

"माहीत नाही सर."

"पिशवी दिसली नाही?"

"दिसली."

"हवा कुठून हाय ते समजलं?"

"समजलं."

"अन् तरी पाठ!" ते माझ्याजवळ उकिडवे बसले. म्हणाले, "घरी शेती हाय का? उफणलं का कधी?"

"उफणलं," मी म्हणाले.

बाबा मारेगावला शाळेत शिकवायचे, पण मुकुटबनजवळ आमचं थोडं शेत होतं. रविवारी ते तूर उफणायला स्वतः तिपाईवर उभे राहायचे. मी खालून टोपली भरून द्यायचे, आणि मोठी झाल्यावर तिपाईवर मीही चढायचे. तिपाईवर चढलं की पहिलं काम वारा ओळखायचं आणि दुसरं, त्याला पाठ द्यायची, नाहीतर कुटार, म्हणजे तो सगळा भुसा, डोळ्यांत जातो. "हवा पाठीवर घे, डोळे सांभाळ," बाबा म्हणायचे. दर वेळी, जणू पहिल्यांदाच सांगत असल्यासारखे.

"आपल्याकडची पोरं हमखास करतात असं," सर म्हणाले. "नागपूर-पुण्याच्या पोरांले हवा समजतच नाही, म्हणून ते पिशवी पाहून सांगितलं तसं करतात. तुम्हाले हवा समजते, हाच वांधा हाय. पण अजून एकदा असं उतरल्या तर मी तुम्हाले वर पाठवणार नाही. पाय मोडून घरी धाडायले आणलं नाही मी कोणाले."

उरली होती एकच उडी. ती सरळ उतरले तर शिबिर पूर्ण, नाहीतर अर्धवट.

मला तेव्हा कोपराचं दुखणं कळतच नव्हतं. सात महिने मी ज्यांना पानांमधून शोधत होते ते माझ्या उजव्या हातात होते. आणि आता मला त्यांचं शिकवलेलं मोडायचं होतं. सरांना यातलं मी काही सांगितलं नाही. रडू आलं ते मातीमुळे, असं त्यांनी समजून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी शेजारच्या शेतातून सोयाबीनचं कुटार पोतंभर आणलं. मला चौथऱ्यावर उभं केलं, हातात भरलेलं टोपलं दिलं. डोळे मिटायचे, जागच्या जागी गोल फिरायचं, डोळे उघडून पिशवी बघायची, वाऱ्याकडे तोंड करायचं आणि टोपलं ओतायचं. बरोबर वळलं की कुटार सगळं तोंडावर.

"थू करू नका! चावा, पण मान फिरवू नका."

"मॅडम, चटणी देऊ का सोबत?" ती मुलगी खालून ओरडली. वर्षभराचं उट्टं काढत होती. तिसऱ्या टोपल्यापासून तीच मला भरून द्यायला लागली, आणि मान जरा कुठे कलली की "मॅडऽम!" असा दम भरायची. पोतं रिकामं झालं तेव्हा माझ्या पापण्यांवर, दातांत, गळ्यात कुटार होतं. पहिल्या पाच-सहा वेळा मान आपोआप फिरली होती. शेवटी शेवटी फिरली नाही.

चौथी उडी दुपारच्या आत झाली. दारात बसले, पाय बाहेर सोडले, खूण मिळाली तशी निघाले. वरती धक्का बसला. मान वर करून पाहिलं, कापड चौकोनी, दोऱ्या सरळ. खाली कापसाच्या पऱ्हाटीचे ढीग, कापलेल्या तुरीची करडी शेतं, तळ्याचं चकाकणं. मी ठरल्याप्रमाणे उतरण्याआधीच्या चौकोनी फेरीची एक बाजू ओलांडली, दुसरी ओलांडली. शेवटचं वळण उरलं. पिशवी पाहिली. आजही वारा पश्चिमेचा.

आणि उजवा हात हलला.

इंचभरच हलला असेल, पण मला तो हलताना दिसला. मनात म्हटलं, "बाबा, इथे नाही." मग तो हात सैल सोडून डावा पट्टा खाली ओढला, सावकाश, पूर्ण. क्षितिज फिरलं. पिशवीची शेपूट माझ्याकडे आली.

आता जमीन धावत नव्हती; येत होती. ढेकळं दिसली, मग गवताच्या काड्या. हात खाली ओढावेत असं फार लवकर वाटलं, थांबले. छपराएवढं अंतर राहिलं तेव्हा दोन्ही पट्टे मांड्यांपर्यंत ओढले. एक क्षण सगळं थबकलं. पाय टेकले, एक पाऊल, दुसरं पाऊल, आणि मी उभी होते. मागे कापड सुस्कारा सोडून खाली बसलं.

सर चालत आले, धावत नाही. माझ्या नोंदवहीत लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, "उभ्याने उतरल्या. सूचनेशिवाय." खाली सही केली. त्या मुलीने मला मिठी मारली आणि लगेच, मी मॅडम आहे हे आठवून, सोडली.

मी आईला फोन लावला.

"उतरली का?"

"उतरले. उभी."

"कोणी धरलं?"

"कोणी नाही. मीच."

पलीकडे दाराची कडी वाजली. मग आईचा आवाज आला, पण माझ्यासाठी नव्हता, फोन हातात तसाच धरून ती अंगणातून शेजारच्या काकूंना सांगत होती, "अहो, ऐकलं का! आमची पोरगी आभायातून उतरली. एकटी! नाही नाही, कोणी धरलं नाही, आपलीआपली!"

सात महिन्यांत आईचा आवाज कुंपणापलीकडे गेला नव्हता. मी फोन ठेवला नाही. उन्हात तशीच उभी राहून तिचं सांगून होईपर्यंत ऐकत राहिले.