खालूंचा धबधबा

या वाळवंटात पाणी उंचावरून कोसळवून दाखवणारा पहिला माणूस म्हणजे आमचे खालू, माझ्या मावशीचे यजमान. हा दावा खुद्द खालूंचाच, आणि साठच्या दशकातल्या दुबईत तो खोडून काढायची हिंमत कोणाला नव्हती. गावाबाहेर एका अरब शेठच्या खजुरीच्या बागेत ते पंप चालवत. शेठने विहिरीजवळ साधी टाकी बांधायला सांगितली, तर खालूंनी ती दोन पुरुष उंच चौथऱ्यावर चढवली आणि पाणी नळाने उतरवायचं सोडून रत्नागिरीच्या कड्यासारख्या रचलेल्या दगडांवरून खाली सोडलं. खाली कुंड, कुंडातून पाट, पाटाने पाणी खजुरींना. शेठ आधी भडकला, मग स्वतःच पाहुणे आणू लागला. खालूंनी कुंडाभोवती जास्वंद लावली, बाक टाकले, आणि शेठच्या सख्ख्या भावालाही दारातच अडवलं, "पान्यासमोर चपला? यल्ला, काढा!"

पाहुण्यांसाठी धबधबा फक्त शुक्रवारी, नमाजानंतर तासभर. पाहुण्याला पाणी बशीवर ठेवलेल्या ग्लासातून. घरच्या माणसाने मडक्यातून आपल्या हाताने घ्यायचं. पंपाच्या इंजिनाला हँडल मारायचा मानही घरच्याचा, म्हणजे माझा. त्यांच्याच शब्दावर मी लाँचने इथे आलो होतो, सहा महिने त्यांच्या खोलीत जेवलो-झोपलो होतो. एकदा इंजिन काही केल्या सुरू होईना, तेव्हा खालूंनी आधी दुआ पढून त्यावर फुंकर घातली आणि मग अस्सल कोकणी शिव्या घातल्या. ते नेमकं कशाने सुरू झालं, यावर त्यांनी कधी चर्चा होऊ दिली नाही. पाणी पडलं की मात्र लहान मुलासारखे टाळ्या वाजवत.

पुढे मला एका कंपनीत टायपिस्टची नोकरी लागली, आणि एका शुक्रवारी मी आमच्या गोऱ्या साहेबाला धबधबा दाखवायला घेऊन गेलो. खालूंनी साहेबालाही बूट काढायला लावले. तो हसत अनवाणी झाला, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात खालू, गुडघ्यापर्यंत लुंगी, कोपरापर्यंत ग्रीस, हँडल पुढे करून म्हणाले, "घे पोरा, मार!" माझा शर्ट पांढरा, कडक इस्त्रीचा. साहेबाने विचारलं, हा कोण?

"पंपमॅन, सर," मी म्हणालो.

खालूंना इंग्रजी येत नव्हतं, पण हा शब्द त्यांच्या हुद्द्याचाच होता. क्षणभर ते हँडल तसंच धरून उभे राहिले. मग स्वतःच मारलं आणि मला म्हणाले, "साब, थोडा पीछे. कपडे भीगेंगे." साहेब धबधब्यावर बेहद्द खूश झाला. त्या दिवशी टाळ्या त्याने एकट्यानेच वाजवल्या. इतक्या वर्षांनी आजही ते आठवलं की शरमेने माझे कान तापतात.

पुढच्या शुक्रवारी माफी मागायची ठरवून मी एकटाच गेलो. खालू हसतच सामोरे आले. पंच्याने बाक पुसून मला बसवलं, आत गेले आणि बशीवर ग्लास ठेवून पाणी घेऊन आले.

"खालू, मी मडक्यातून घेतो ना," मी कसाबसा म्हणालो.

"नको, तिथं चिखल झालाय," ते अगदी मायेने म्हणाले. "तुमचे बूट खराब व्हायचे."

मी खाली पाहिलं. बूट माझ्या पायातच होते. खालूंनी मला ते काढायला सांगितलंच नव्हतं.