आबांची करवंदीची जाळी

फळं तपासणाऱ्या लॅबमध्ये किस्से मुद्दाम साठवावे लागत नाहीत. ते करवंदाच्या डागासारखे ॲप्रनला चिकटतात आणि कितीही धुवा, जात नाहीत. आमची तळेगावची लॅब छोटीशी. सर, रुबिना आणि मी, एवढाच संसार. काम एकच, फळात अँटिऑक्सिडंट किती ते मोजायचं. म्हणजे उन्हातान्हात टिकून राहायला फळ अंगात जो रंग नि तुरटपणा तयार करतं, तो.

गेले दोन हंगाम आम्ही कान्हे गावच्या सोपानआबांच्या करवंदांमागे हात धुऊन लागलो होतो. आबांच्या डोंगरउतारावर करवंदीची जुनी जाळी आहे. मुलाला, नितीनला, ती जेसीबीने काढून तिथे नर्सरीतली मोठ्या फळाची जात लावायची होती. घराजवळच्या सपाटीवर त्याने ती आधीच लावली होती.

आबा म्हणाले, "मशीन सांगंल ते खरं. पन जाळीत दम निघाला, तर तुजा जेसीबी माज्या बांधावर दिसता कामा न्हाई!"

"मंजूर," नितीन म्हणाला.

जाळी गेली असती तर मला वाईट वाटलं असतं, हे खरं. पण मोजणी काटेकोरच करायची, हेही मी त्याच दिवशी ठरवलं.

*

पहिलं सॅम्पल आबांच्या मंडळींनी, यमुनामावशींनी, पाठवलं. स्टीलच्या डब्यात, एकेक निवडून, पुसून. रुबिनाने झाकण काढून वास घेतला आणि ओरडली, "मॅडम, ह्याला मीठ-मसाला लावलाय!"

मी फोन केला. "मावशी, सॅम्पलला मीठ कशाला?"

मावशी माझ्यावरच उखडल्या. "आता गं बया! तळेगावच्या मान्सांला नुसती करवंदं धाडू व्हय?"

दुसरं सॅम्पल तोडायला मी स्वतः गेले.

*

एकदा सकाळी आणलेलं सॅम्पल दुपारी वजनात कमी भरलं. माझं डोकं फिरलं. उतार चढून, काटे खाऊन मी ते आणलं होतं!

"सगळ्यांनी जीभ दाखवा!"

रुबिनाने लगेच दाखवली. स्वच्छ.

सर म्हणाले, "हे बघा, मी या लॅबचा प्रमुख आहे."

"म्हणून तर विनंती करतेय, सर."

सरांनी जीभ दाखवली. जांभळी! आणि त्याच जिभेने म्हणाले, "क्वालिटी कंट्रोल."

हा किस्सा रुबिनाने कान्ह्यात जाऊन सांगितला. आबा हसून हसून खाली बसले.

*

मावशी हंगामात कामशेतजवळ जुन्या हायवेवर करवंदं विकायला बसतात. लोणावळ्याला निघालेली एक गाडी थांबली. आतल्या बाईंनी काच खाली करून विचारलं, "मावशी, यात अँटिऑक्सिडंट्स असतात ना?"

"न्हाई हो ताई!" मावशी छातीवर हात ठेवून म्हणाल्या. "आमी कसलं बी औषध मारत न्हाई!"

बाई इतक्या खूश झाल्या की अख्खी पाटीच घेऊन गेल्या. मी मावशींना खरं काय ते समजावलं, तर म्हणाल्या, "असू दे. नसून एवढी खपली, असून काय झालं असतं?"

*

नितीन हट्टी आहे, अगदी बापावर गेलाय. पहिल्या उन्हाळ्यात त्याने आपल्या झाडांवर शेडनेट टाकलं, सकाळ-संध्याकाळ पाणी दिलं. फळं बोराएवढी, गुलाबी, देखणी. आणि आकडा? तळाला! जाळीची फळं बारकी, उन्हाने रापलेली, पण त्यांचा आकडा वर.

सर म्हणाले, "ऊन नाही, तहान नाही, मग झाड कशाला खटपट करेल? लाडाने असंच होतं."

आबा टुणकन उठले. "ऐक! ह्याच्या आयशीला मी लय येळा सांगितलंय!"

सगळे हसले. नितीन हसला नाही. "सर, हे सावलीमुळं झालं का जातीमुळं? मी नेट काढतो, पाणी तोडतो. पुढच्या हंगामात परत मोजा."

प्रश्न बरोबर होता. त्या दिवशी मला पोरगा आवडला.

*

मग पुण्याहून वनस्पतिशास्त्रातले एक मोठे पाहुणे आले. टेबलावर आबांच्या जाळीतलीच करवंदं. एकच उतार, एकच ऊन, पण काही झुडपांचं फळ आतून लालभडक, काहींचं फिकं. पाहुणे गंभीरपणे सांगू लागले, "उन्हाइतकीच जातही..."

सॅम्पल द्यायला आलेला नितीन मागून पुटपुटला, "कोंबडा का कोंबडी?"

लहानपणी हे ज्याने खेळलं नाही त्याच्यासाठी सांगते. करवंद चावायच्या आधी ओळखायचं. आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी.

पाहुणे थांबले. एक करवंद उचललं. "कोंबडा!" चावलं. पांढरं फटक!

"थांबा, परत!" पाहुणे म्हणाले आणि बशी पुढे ओढली. जातीवरचं भाषण राहिलं ते राहिलंच.

*

दुसऱ्या हंगामाचे आकडे आले आणि माझी झोप उडाली. उन्हात, कमी पाण्यावर नितीनची फळं थेट जाळीच्या बरोबरीला आली होती! आतून अजून कोंबडीच, खाल्ली तरी जिभेला रंग नाही. पण अँटिऑक्सिडंट म्हणजे फक्त रंग नव्हे. आता निकाल काय सांगायचा?

जे आहे तेच सांगायचं, असं ठरवून मी कान्ह्याला गेले. पाहते तर बांधावर जेसीबी उभा! मला संताप आला.

"नितीन, निकालाच्या आधीच?"

नितीन खाली बघत गप्प उभा. ड्रायव्हर वर सीटवर गप्प. आबा जाळीसमोर दगडावर बसलेले.

"आबा," मी कागद काढला, "दोन्ही फळं सारखीच..."

आबांनी हातानेच मला थांबवलं. उठून पोरासमोर गेले.

"नित्या, जीभ दाखव."

नितीनने तोंड आणखी घट्ट मिटलं.

"दाखव म्हनतो ना!"

नितीनने दाखवली. काळीजांभळी!

आबांनी मान वर करून ड्रायव्हरकडे पाहिलं. "भाऊ, आता तुमी."

ड्रायव्हरने तोंड उघडलंच नाही. मुकाट्याने जेसीबी रिव्हर्समध्ये टाकला.