नदी विचारणारे फोटोकाका

"गाव राहू द्या, नदी सांगा."

स्टुलावर बसलेलं गिऱ्हाईक गोंधळून जायचं. फोटो काढायला आलो, तर हा माणूस नदी काय विचारतोय? पण विचारलंय म्हटल्यावर सांगणं आलं. कोणी गिरणा म्हणायचा, कोणी पांझरा, कोणी अनेर. आणि नदीचं नाव घेतलं की माणूस तेवढ्यावर थांबत नाही, हे तुम्हीही पाहिलं असेल. कुठल्या डोहाची भीती वाटायची, वाळूत टरबुजं कशी लागायची, म्हशी कुठं डुंबायच्या, सगळं बाहेर पडायला लागायचं. तेवढ्यात फोटोकाका एका बोटानं त्याची हनुवटी किंचित खाली करायचे आणि फोटो काढून मोकळे व्हायचे.

"गाव विचारलं की माणसाला भाऊबंदकी आठवते," ते म्हणायचे. "नदी विचारली की चेहरा सुटतो."

शेजारी एका सुरती फरसाणवाल्याचं दुकान होतं. गिऱ्हाइकाशी चाललेल्या या गप्पा भिंतीपलीकडून ऐकून तो ओरडायचा, "काका, तमे फोटो पाडो छो के पंचात करो छो?" फोटो काढता की नसत्या चौकशा करता? काका आतून शांतपणे उत्तर द्यायचे, "बेउ." म्हणजे दोन्ही.

मी बासष्टच्या सुमाराला सुरतेत शिक्षक म्हणून आलो. मराठी शाळा लहान होती आणि मराठी माणसं पुष्कळ होती. त्यातली आमच्यासारखी शाळा-बँक-कचेरीवाली माणसं एका बाजूला आणि खानदेशातून कापडाच्या मागांवर कामाला आलेली दुसऱ्या बाजूला, असं काहीसं होतं. गणपतीत तेवढी एका मांडवात यायची. अशाच एका गणपतीत आमच्या मंडळाच्या चिटणिसांनी वार्षिक अंकासाठी टूम काढली, की सुरतेत धंदा-कला करणाऱ्या आपल्या माणसांच्या मुलाखती घ्यायच्या. टूम त्यांची आणि पायपीट माझी. शिक्षकाला दुपारी काम नसतं अशी सगळ्या जगाची समजूत आहे.

मी निघालो. पेट्या दुरुस्त करणाऱ्या एका वादकाला धंद्यातल्या अडचणी विचारल्या, तर त्यानं तासभर पेटी वाजवून दाखवली आणि "आता समजलं ना?" म्हणाला. खानावळवाल्या बाईंनी आधी जेवायला बसवलं. सुरतेत वरणात गूळ घालतात, म्हणून आमची पोरं माझ्याकडे ठेच्यासाठी येतात, भाकरी निमित्ताला असते, एवढं त्या बोलल्या आणि पुन्हा वाढायला लागल्या. तिसरे हे फोटोकाका. सलाबतपुऱ्यात, मागांचा खडखडाट ऐकू येईल अशा अंतरावर त्यांचा स्टुडिओ होता. मी पहिला प्रश्न विचारायच्या आत त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि नदी विचारली. मी कृष्णाकाठचा. पुढचा तासभर मीच बोलत होतो. घरी आल्यावर लक्षात आलं, की मुलाखत माझी झाली होती. अंकात त्यांच्याबद्दल चार ओळी छापल्या गेल्या, त्याही मी अंदाजानं लिहिलेल्या. मात्र त्यानंतर आठवड्यातून दोनदा तरी मी तिकडे जाऊन बसायला लागलो.

ते स्वतः तापीकाठचे, शहाद्याकडचे. तापी त्यांच्या गावावरून सुरतेला येते याचा त्यांना घरच्या लेकीचा वाटावा तसा अभिमान होता. "आम्ही भुसावळच्या गाडीनं येतो, पाणी पायी येतं," म्हणायचे. सुरतेच्या पाण्याला कोणी नावं ठेवली, तर ती स्वतःच्या घरादाराला ठेवली असं धरून चालायचे.

त्या स्टुडिओत एक काळा कोट होता. त्याबद्दल सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. मागावर काम करणाऱ्या पोराचं लग्न ठरवायचं म्हणजे त्याचा फोटो गावी धाडावा लागे. सुरतेला असलेला मुलगा म्हणजे काहीतरी वजनदार दिसायला हवा. पोरगं यायचं ते डोक्यावर सुताचा भुगा घेऊन. मग काका खुंटीवरचा कोट काढायचे. त्याची पाठ मधोमध उसवून नाड्या लावलेल्या होत्या, त्यामुळे तो काडीपैलवानालाही बसायचा आणि खऱ्या पैलवानालाही. पुढून साहेब, मागून उघडी पाठ. सोबत मनगटी घड्याळ मिळायचं, तेही बंद पडलेलं. नंदुरबारपासून अमळनेरपर्यंत त्या कोटानं इतकी लग्नं जमवली, की एखाद्या मध्यस्थानं हेवा करावा.

फोटो निघाला तरी अर्धंच काम झालेलं असायचं. उरलेलं अर्धं काम आतल्या खिडकीशी व्हायचं. तिथं काकांची मुलगी शकू बसायची. काकू शकूच्या लहानपणीच गेल्या होत्या. बापलेक दोघंच. शकू चार वर्षं माझ्या वर्गात होती, तिचं अक्षर इतकं बारीक आणि सुबक होतं, की तपासायला मला चष्मा लागायचा. फोटो जिच्यावरून छापायचा ती काचेची प्लेट ती उजेडापुढे धरून टोकदार पेन्सिलीनं गिऱ्हाइकाचे देवीचे वण, डोळ्यांखालचा काळोख, कपाळावरच्या आठ्या बुजवायची. कोणी सांगितलं तर गालांना रंगही भरायची. पूर्वी हे सगळं काका करायचे. पण त्यांच्या डोळ्यांवर सारा, म्हणजे मोतीबिंदूचा पडदा, यायला लागला होता. लांबचं दिसायचं, बारीक काम जमायचं नाही. ते गिऱ्हाइकांना कळू नये म्हणून दोघंही जपायची. मला माहीत होतं, कारण मी घरचा झालो होतो.

शकू विसाव्या वर्षात आली आणि स्थळं पाहणं सुरू झालं. सुरू झालं म्हणजे काय, स्थळ यायचं आणि काका त्यात खोट काढायचे. एकाचं घर फार लांब, एकाचे भाऊ फार, एकाच्या आईचा आवाज मोठा. मी एकदा म्हटलं, की काका, तुम्हाला जावई नको आहे. ते हसले नाहीत, त्यावरून मी समजलो.

अशात एका दुपारी त्यांच्या मेव्हण्यानं नवं स्थळ आणलं. मुलगा इथंच उधन्याला मागावर होता, पण त्याला धुळ्याला सूतगिरणीत कायमचं काम लागणार होतं. मेव्हण्यानं खिशातून फोटो काढून पुढं ठेवला. काकांनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"हाऊ कोट ते मना शे," ते गावाकडच्या बोलीत म्हणाले. हा कोट तर माझा आहे.

मला हसू आवरेना. खुंटीवरचा कोट आमच्याकडे बघत होता. मेव्हणा बिचारा खजील झाला, त्याला काय ठाऊक. पण काकांना मात्र आयतं कारण सापडलं. माझाच कोट घालून माझ्याच मुलीला मागणी घालतो, असला मुलगा नको. फोटोत जे दिसतं ते सगळं मीच लावलेलं आहे, मग मी काय बघून मुलगी द्यायची? त्यांचं इतकं बोलून झाल्यावर मी विचारलं, की कोट जाऊ दे, पोरगा कसा होता? त्यांना पोरगा आठवत नव्हता. एवढी नदी विचारणारा माणूस, पण त्या पोराची नदी त्यांच्या लक्षात राहिली नव्हती. कोट तेवढा ओळखीचा.

शकू आतून ऐकत होती. ती उठली, फळीवरच्या खोक्यांतून एक प्लेट शोधून काढली आणि अंधाऱ्या खोलीत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात त्याच मुलाचा नवा, ओला फोटो होता. तिनं प्लेटवरची आपली पेन्सिल पुसून तो छापला होता. डाव्या भुवईवरून कानापर्यंत गेलेला व्रण त्यात स्पष्ट दिसत होता.

तिनं आम्हाला सांगितलं ते असं. मागाचा लाकडी धोटा उडून त्याला तिथं लागला होता. फोटो काढायला आला तेव्हा तो काकांना म्हणाला होता, की व्रण राहू द्या, लग्नानंतर दिसायचाच आहे. ती पडद्याआड बसली होती, तिनं ऐकलं होतं. आणि काकांनी सवयीनं आत हाक मारून सांगितलं होतं, की शकू, तेवढा व्रण काढून टाक.

काका ओल्या फोटोकडे बघत राहिले. मग पुन्हा कोटाचं काहीतरी पुटपुटायला लागले.

"कोट तुमना शे, बाबा," शकू म्हणाली. "तोंड त्यानं शे." म्हणजे, चेहरा त्याचा आहे.

आपल्या वडिलांपुढे स्वतःच्या लग्नाबद्दल त्या काळात मुलगी याहून जास्त बोलत नसे. एवढं बोलली हेच पुष्कळ होतं. ती आत निघून गेली आणि तिच्या पेन्सिलीला टोक करण्याचा आवाज यायला लागला. मेव्हण्यानं छताकडे पाहिलं. काकांनी तो फोटो खिडकीपाशी नेऊन बराच वेळ न्याहाळला, आणि वळून मला विचारलं, "गुरुजी, तुमच्याकडे मुहूर्त कोण काढून देतं?"

मला पोचवायला ते कोपऱ्यापर्यंत आले. सुरतेत दुकान भरल्या वेळी सोडून कोणी पोचवायला येत नाही. कोपऱ्यावर थांबून म्हणाले, "लोकांची मुलगी सासरी जाते. माझे डोळे चाललेत." मुलगा चांगला आहे, एवढं म्हणालो. "तोच तर त्रास आहे," ते म्हणाले आणि परत फिरले.

लग्न आमच्या शाळेच्या आवारात झालं. कन्यादान त्यांच्या धाकट्या भावानं आणि भावजयीनं केलं. फोटो मात्र काका स्वतःच काढणार होते, त्यावर कोणी बोलायची सोय नव्हती. लग्न लागलं, जेवणं झाली, आणि निघण्याआधी नवरानवरीला लिंबाखाली दोन खुर्च्यांवर बसवलं. मधुकर, म्हणजे नवरामुलगा, साध्या पांढऱ्या सदऱ्यात होता. तिपाईवरच्या कॅमेऱ्याला मागून काळं कापड असे, ते डोक्यावर घेऊन काका आत वाकले. आतल्या काचेवर समोरचं माणूस उलटं दिसतं, ते नीट जुळवून घ्यायचं असतं. हे काम ते नेहमी चुटकीसरशी उरकायचे. त्या दिवशी ते बाहेरच येईनात. मंडळी उभी, गाडीची वेळ होत आलेली. भावानं एकदा हाक मारली. फरसाणवाला शेजारी उभा होता, त्यानं भावाचा दंड धरला आणि मानेनंच नको म्हणून सांगितलं.

शेवटी ते बाहेर आले. कोणाकडे न बघता त्यांनी प्लेट बसवली, पुढच्या भिंगावरचं झाकण काढलं, तोंडातल्या तोंडात मोजलं आणि झाकण पुन्हा लावलं. "झालं," म्हणाले. शकू रडली, सगळ्या मुली रडतात तशी. काका सामान आवरत होते.

तो फोटो आम्हाला कधीच बघायला मिळाला नाही. मी विचारल्यावर म्हणाले, की धुताना प्लेट खराब झाली. मी त्यावर विश्वास ठेवला. म्हातारा माणूस, डोळ्यांवर सारा, होऊ शकतं. पुढं चार-पाच वर्षं स्टुडिओ चालला. व्रण, आठ्या सगळ्यांच्या जशाच्या तशा फोटोत येऊ लागल्या आणि गिऱ्हाईक भागळच्या नव्या स्टुडिओकडे वळलं. त्यांना त्याचं फारसं काही वाटत नसे. आलेल्या माणसाशी त्यांच्या गप्पा चालूच होत्या. एका थंडीत ते गेले. शकू आणि मधुकर येऊन सगळं करून गेले. स्टुडिओच्या जागी जरीच्या फिरक्यांचं दुकान आलं.

त्यानंतर दोनेक वर्षांनी एका नातेवाइकाच्या कामासाठी मी धुळ्याला गेलो आणि शकूकडे उतरलो. मधुकर पाळीवर गेला होता. दोन मुलं अंगणात खेळत होती. भिंतीवर मुलांचे फोटो होते, काकांचा एक होता, लग्नाचा नव्हता. चहा पिताना मी म्हटलं, की ती प्लेट धुताना खराब व्हायला नको होती.

शकू हसली. "प्लेट खराब नव्हती झाली, गुरुजी. बाबांनी पट्टीच ओढली नव्हती."

मग तिनं मला समजावून सांगितलं. प्लेट पेटीत बंद असते, पुढं एक काळी सरकती पट्टी असते. ती ओढून काढली तरच आत उजेड जातो. बाबा ती ओढायला विसरले. झाकण काढलं, मोजलं, लावलं, पण आत काही गेलंच नाही. जन्मात त्यांच्या हातून अशी चूक झाली नव्हती. ती समोरच बसली होती, तिला सगळं दिसत होतं.

मी विचारलं, मग तेव्हाच का नाही सांगितलंस? पुन्हा काढला असता.

शकूनं माझ्या हातातली रिकामी कपबशी घेतली.

"पुन्हा काढायचा म्हणजे पुन्हा कापडाखाली जाऊन मला बघायला लागलं असतं त्यांना," ती म्हणाली. "एकदा बघताना त्यांचं काय झालं, तुम्ही पाहिलंत ना."

फोटो निघत नाहीये हे ठाऊक असूनही ती मुलगी त्या खुर्चीवर, बाप "झालं" म्हणेपर्यंत, हसत बसून राहिली होती.